बद्द आवाज

स्कूटरची चावी देताना पप्पांनी एकच अट घातली होती, "एक ओरखडा जरी दिसला, तरी पुन्हा चावी मागायची नाही." आणि दुसऱ्याच दिवशी खरवईच्या वळणावर श्रद्धाने स्कूटर विजेच्या खांबाला घासली. बाजूच्या पत्र्याला वाटीएवढा पोचा आला.

पप्पा कारखान्यातून यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तिने पत्रा सोडवला आणि मागच्या पडवीत वाळूच्या पिशवीवर, आतली बाजू वर करून ठेवला. तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून वाट्या करायला ती आपली आपणच शिकली होती. पप्पा तिला 'तांबटीण' म्हणून चिडवायचे. पण आज लाकडी हातोडीखाली पत्रा खणखणतच नव्हता, नुसता बद्द वाजत होता. घाबरून तिने जोरात घाव घातला. पत्रा उचलून पाहिला, तर रंगासकट एक जाड तुकडा गळून पडला. तिला रडूच फुटलं.

"काय मोडलंस, तांबटीण?" दारात पप्पा उभे होते.

पप्पांनी तुकडा उचलला. तो पत्रा नव्हताच. गॅरेजवाले पोचे बुजवायला भरतात, ती लांबी होती. आणि तिच्याखाली एक जुना, गंजलेला पोचा होता.

पप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पडवीचं दार अलगद लोटून घेतलं.

"हळू ठोक गं," ते कुजबुजले. "या जुन्याचं आईला अजून माहीत नाही."