फक्कीच्या भिंती

"जपून, बाबा. पुढे भिंत आहे," लेक म्हणाली.

मास्तर थबकले. भिंत कसली, जमिनीवर ओढलेली पांढऱ्या फक्कीची रेघ होती. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे त्यांना रेघही दिसत नव्हती. तरी लेकीने हात धरून त्यांना दाराच्या जागेतूनच आत नेलं. गावाच्या ऐन मध्यात, जुना बसडेपो हलवून मोकळ्या झालेल्या जागेवर नवं कॉलेज उभं राहणार होतं. नकाशा तिचा होता. आज तो पूर्ण मापात जमिनीवर आखून झाला होता, आणि उद्या सकाळी आठला पाया खोदायचं मशीन येणार होतं.

मास्तरांचा ऊर भरून आला होता. पोरीने त्यांना आपलं काम दाखवायचं सोडलं, त्याला वीस वर्षं झाली होती. दोष त्यांचाच. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि घरीही चुकाच काढल्या. तिच्या बक्षीस मिळालेल्या चित्रातही खिडकी दारापेक्षा मोठी झालीय, हे त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं. ते तिच्या जिव्हारी लागलं. म्हणून आज निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, इतक्या वर्षांनी बोलावलंय तिने. आज तरी तोंडाला कुलूप लावा." मास्तरांनी कबूल केलं होतं, आणि अगदी मनापासून.

"हे ग्रंथालय. हा जिना. आणि हा वर्ग, असेच चार मजले." तिने खांद्याला धरून त्यांना वळवलं. "तुम्ही पहिल्या बाकापाशी आहात. समोर फळा."

दुपारचे चार वाजले होते. चौकातून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. ऊन उजव्या गालावर चटके देत होतं. मास्तरांनी हात किंचित पुढे केला, वहीवर पेन टेकवावं तसा, आणि हात तिथेच थबकला.

"उजवीकडे काय आहे गं?"

"काच. जमिनीपासून छतापर्यंत. संस्थेच्या अध्यक्षांची हौस. चौकातून कॉलेज झगमगताना दिसलं पाहिजे म्हणतात."

मास्तरांनी हात खाली घेतला. "छान," ते म्हणाले. "छानच केलंस, बाळ."

लेक म्हणाली, "नीट बघा, बाबा."

आंधळ्याला नीट बघ म्हणणारी तूच एकटी, असं एरवी ते हसून म्हणाले असते. आज हसू आलं नाही. गप्प राहिलं तर लेक परत मिळत होती. बोललं तर पुन्हा वीस वर्षं, आणि तेवढं आयुष्य हाताशी नव्हतं. पण या बाकावर कोणाची तरी पोरं रोज दुपारी बसणार होती.

"उजेड उजवीकडून येतोय," ते हळूच म्हणाले. "लिहिताना हाताची सावली अक्षरावर पडेल. फळा चमकेल, त्यावरचं काही दिसायचं नाही. आणि दुपारनंतर चारही मजल्यांवरची पोरं भाजून निघतील. चुकलंय, बाळ. वर्ग पूर्वेकडे हवेत."

तिने त्यांचा हात सोडला. मास्तरांना वाटलं, संपलं.

"मुकादम," तिचा आवाज आला, "या बाजूच्या सगळ्या रेघा पुसा. उद्याचं मशीन येणार नाही."

"मॅडम, अध्यक्षांची सही झालीय," मुकादम चाचरत म्हणाले. "तुम्हालाच घरी बसवतील."

"बसवू देत. मी बोलते त्यांच्याशी."

खराट्याचा आवाज सुरू झाला. मास्तरांना कसंनुसं झालं. "मी उगाच बोललो. तुझी आई म्हणाली होती, बोलू नका म्हणून."

"ही चूक मला पहिल्या दिवसापासून माहीत होती, बाबा."

"मग मला कशाला आणलंस?"

तिने पुन्हा त्यांचा हात धरला. तिचा तळवा घामाने ओला झाला होता.

"सगळे छान म्हणत होते. हळूहळू मीही म्हणायला लागले होते. मघाशी तुम्हीही म्हणालात, तेव्हा मात्र मी घाबरले."