लागलेला पाय

तासगावच्या घरात चष्मा आणि हातमोजे चढवले, की इंदुताई खरमाटे नॉर्वेतल्या वृद्धाश्रमात कामावर हजर. इकडे त्या हलल्या, की तिकडे माणसासारखं हातपाय असलेलं यंत्र हलायचं. काल यंत्राचा पाय एका आजोबांना लागला आणि इंदुताईंनी सवयीने वाकून, त्यांना हात लावून नमस्कार केला.

आज आजोबांसमोरच तिथल्या साहेबांनी विचारलं, “ही जादा हालचाल कसली? बिघाड असेल तर यंत्र बदलू, सवय असेल तर तुम्हाला.”

“यंत्र ठणठणीत आहे, साहेब,” इंदुताई ताठ मानेने म्हणाल्या. “पाय माझा लागला होता. नोकरी गेली तरी नमस्कार करणारच.”

आजोबा खुर्चीतून उठायला गेले, तर त्यांचाच पाय यंत्राला लागला. ते थबकले. मग हात त्यांनी यंत्राला लावला आणि हळूच आपल्या कपाळाला टेकवला.