वेशीतून

ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या हाउन्सलोहून निघालेली कोच इटलीतल्या त्या टेकडीखाली थांबली आणि शांताबाई सगळ्यांच्या पुढे चढायला लागल्या. सत्तरी उलटली तरी चढाचं काही वाटत नव्हतं बाईला. मागून मुलगा सुभाष कॅमेरा सांभाळत धापा टाकत होता, आणि त्याची मुलगी शिल्पा कानाला वॉकमन लावून. वर जुनं गाव, भोवती दगडी तट, तटाला एकच भलंमोठं दार.

दारापाशी शांताबाई थबकल्या. हीथ्रो विमानतळाच्या गर्दीत बिनधास्त घुसणारी बाई, पण इथं पाय उचलेना.

"आजी, व्हॉट हॅपन्ड? पाय दुखतो?"

"न्हाई गं. सुभाष, विचारलंस का कुणाला?"

"कुणाला विचारायचं, आई? दार उघडंच आहे."

"उघडं तर आपल्या गावचं बी होतं."

शिल्पाला काही कळेना, तेव्हा शांताबाईच म्हणाल्या, "माझं लगीन झालं ना, तवा वरात वेशीवर अडवली गावानं. तुमच्या जातीची वरात हितनं जायची न्हाई, म्हणाले. तुझ्या आज्याला बाशिंगासकट चिखलातनं, बांधाबांधानं फिरवून नेलं."

शिल्पानं वॉकमन काढला. "बट... असं कसं करतो लोक?"

तेवढ्यात आतून काळ्या झग्यातली एक म्हातारी आली. हिला दम लागलाय असं वाटलं असावं तिला. हातातली पिशवी तिनं सरळ शिल्पाकडे दिली, शांताबाईंचा दंड धरला आणि आपल्या भाषेत अखंड बडबडत त्यांना दारातून आत, थेट चौकात नेलं. विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं. घरातून पेलाभर पाणी आणून दिलं. कोण, कुठली, एका अक्षरानं विचारलं नाही.

शांताबाई ते पाणी घोट घोट प्यायल्या. डोळे भरून आले होते. त्यांनी हात जोडले. "जयभीम, बाई. लई उपकार झाले तुझे."

म्हातारीला काय कळलं कोण जाणे, तिनंही हात जोडले. सुभाषला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं.

"आई, इथंच बस, फोटो काढतो," तो म्हणाला. पण शांताबाई उठल्या आणि आल्या वाटेनं दाराबाहेर चालू लागल्या.

"अगं, कुठं निघालीस?"

बाहेर जाऊन त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, वळल्या आणि रस्त्याच्या अगदी मधोमध, सावकाश आत येऊ लागल्या. मागून भाजीची छोटी गाडी आली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शांताबाई काही बाजूला होईनात.

"आजी, व्हॅन!" शिल्पा ओरडली.

"थांब म्हणावं त्याला," शांताबाई म्हणाल्या. "तुझ्या आज्याची वरात चाललीय."