सामनेवाले

वकीलबाई डॉक्टरांविरुद्धच्या गरिबांच्या केसेस फुकट लढत. दारव्ह्याहून तांड्यावर येऊन त्यांनी वर्षाच्या वतीनं डॉक्टरला पाठवायची नोटीस वाचायला घेतली. "डॉक्टर निशिकांत यांच्या हलगर्जीपणामुळे..." वर्षाच्या मांडीवरचं सहा वर्षांचं पोरगं तोंडभर हसलं. बाईंना वाटलं, आवाजाला हसतंय. पण पुढं डॉक्टरचं नाव आलं तेव्हाच ते पुन्हा हसलं.

"हा का हसतो गं?"

वर्षानं त्याची लाळ पुसली. "सकायपासून कळा येत होत्या मॅडम, डॉक्टर दिवस बुडाल्यावर आला. पोरगं निळं निघालं, रडलंच नाही. मी होतो म्हणून वाचलं, म्हणे. आमाले खरं वाटलं. होळीले याची धुंड केली, नाव ठेवाले, तं डॉक्टरले मानानं बोलावलं. याले मांडीवर घेऊन जेवला तो. पोराची मान सावरत नव्हती, त्यानं पाह्यलं, पण बोलला नाही. अन् मामंजीनं उपकार म्हणून पोराले त्याचंच नाव देलं."

"नाव बदलता येतं. मी करून देते."

"याले माय म्हणता येत नाही, भूक सांगता येत नाही. नावाची हाक तेवढी समजते."

बाईंनी नोटीस पुन्हा समोर धरली. मग पुढचं वाचताना त्या डॉक्टरच्या नावाच्या जागी नुसतं कोर्टाच्या भाषेतलं 'सामनेवाले' म्हणू लागल्या. पोराचं हसू थांबलं. वाकडी मान त्यांच्याकडे वळवून ते हाकेची वाट पाहत राहिलं.