अव्होकाडोची कोशिंबीर

ह्यूस्टनला मुलाकडे आल्यापासून हेमलताबाई घरातच अडकल्या होत्या. पायी जाण्याजोगं बाहेर काही नव्हतं आणि न्याहारीला सून रोज तोच सपक अव्होकाडो पावाला लावून द्यायची.

परतीला आठवडा उरला, तेव्हा त्यांनी हौसेने तो कुस्करला, त्यात कांदा, कोथिंबीर, लिंबू घातलं आणि वर हिंग-मिरचीची चरचरीत फोडणी दिली. गरम पोळीशी खाताना कितीतरी दिवसांनी त्यांच्या जिभेला चव आली. मुलगा आणि सून तर बोटं चाटत राहिले.

"आई, तुझं तिकीट रद्द करतो," मुलगा खुशीत म्हणाला. "आता इथेच राहा."

"अरे, पण साताऱ्याचं घर?"

"विकून टाकू. तिथे एकटी काय करणार तू?"

सुनेने प्रेमाने आणखी दोन अव्होकाडो त्यांच्यापुढे ठेवले. हेमलताबाईंनी मुकाट्याने सुरी उचलली.