पाटणची फेरी

"ही पाटणची फेरीपण धरू," करसल्लागार श्रेणिक म्हणाला. "डिझेल बरंच लागलंय. तेवढाच कर वाचेल."

"ती न्हाई धरायची," समोर बसलेले लालासाहेब म्हणाले. "कामाची न्हवती. मॅडमनी बजावून सांगितलंय."

मॅडम म्हणजे आष्ट्याच्या गुरांच्या डॉक्टर राजनंदिनी. सकाळीच शेजारच्या मळ्यात गाय अडली, त्यामुळं त्या तिकडं थांबल्या आणि पावत्या घेऊन लालासाहेब एकटेच सांगलीला आले. फौजेत ट्रक चालवून ते निवृत्त झाले होते. आता मॅडमची जीप चालवत.

"ड्रायव्हरचा पगार कुठं दिसत नाही. तोही खर्चात बसतो."

"पगार घेत न्हाई मी."

"म्हणजे? देत नाहीत?"

"दोन टाइम जेवाय घालत्यात की."

श्रेणिकनं पेन खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी लालासाहेबांच्या लक्षात आली आणि ती त्यांना बोचली.

"मॅडमबद्दल तसं मनात आणू नका साहेब. पार खंडाळ्यासनं फोन येत्यात त्यांना. खांद्यापतूर हात घालून, आडवं आलेलं वासरू पोटातच फिरवून जित्तं काढत्यात. गोठ्यातली माणसं बघत ऱ्हात्यात नुस्ती."

"मग पाटणला काय होतं?"

लालासाहेब जरा घुटमळले. "सोयरीक बघाय गेलो व्हतो. मॅडमची. मोठं घर, भरपूर ऊस, नवा बंगला. समदं पसंत पडलं. आन मग पोराची आई म्हणाली, लग्नानंतर हे शेणामुतातलं काम बंद करायचं."

"मग?"

"मॅडमनी कप खाली ठिवला. म्हणाल्या, काम सुटणार न्हाई, तुमी दुसरी पोरगी बघा. आवाज चढवला न्हाई का तोंड वाकडं केलं न्हाई. हात जोडलं आन उठल्या."

सांगताना लालासाहेब खुर्चीत ताठ झाले होते, परेडला उभे राहावेत तसे.

श्रेणिकनं पाटणच्या पावतीवर काट मारली. "असं चालून आलेलं घर सोडायचं म्हणजे... वडील होते ना बरोबर?"

"व्हते की."

"मग चिडले असतील."

"छ्या," लालासाहेब म्हणाले. "लेक उंबऱ्याभाईर यायच्या आत जीप चालू करून बसलो व्हतो मी."