लाल रेघ

"रंगीत टॅबलेटच दाखवा," मुलीने दुकानात शिरताशिरताच सांगून टाकलं. दुकानदाराचं लक्ष मात्र तिच्या बाबांच्या खिशातल्या लाल पेनाकडे गेलं. "काका शिक्षक का?"

"मुद्रितशोधक," मुलगी म्हणाली. "चाळीस वर्षं छापखान्यात डोळ्यांत तेल घालून लोकांच्या चुका काढल्या."

"मग ताई, टॅबलेट कशाला? वाचणाऱ्या माणसाला हा काळा-पांढरा रीडर घ्या. अगदी कागदासारखा दिसतो." बोलता बोलता त्याने नमुन्याचा रीडर बाबांच्या हातात ठेवलासुद्धा.

तिने त्याला बाजूला घेतलं. "वाचायचं राहिलंय कुठे? पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांना अक्षरच लागत नाही. आठ महिने झाले, पेपर उलटा धरला काय नि सुलटा काय, सारखंच. रंगीत असला तर निदान चित्रं तरी बघतील."

"अहो काका, स्क्रीन आहे तो!" दुकानदार एकदम ओरडला, तशी ती वळली. बाबांनी पेन उघडून स्क्रीनवर ठसठशीत लाल रेघ ओढली होती.

"'तरीही' दोनदा पडलंय," बाबा खेकसले. "कोणी तपासलं हे?"

तिने वाकून पाहिलं. खरंच दोनदा होतं.

दुकानदार फडकं घेऊन धावला. "आत्ता पुसतो. तुम्हाला रंगीतच बांधून देऊ ना?"

"नको, हाच द्या," ती म्हणाली. "आणि पुसू नका."